चुकांचं कोरं रजिस्टर

"माझं नाव का नाही पाठवलं, साहेब?"

डांगे इंजिनिअरनं उभ्याउभ्याच विचारलं.

बिरादारसाहेब सांडपाणी केंद्राचे प्रमुख. शहराचं सगळं मैलापाणी तिथं येतं, साफ होऊन नदीला जातं. साहेब महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कोण, ते त्यांनीच सुचवायचं. डांगे त्यांच्याच हाताखाली आठ वर्षं शिकलेला. तरी साहेबांनी नावाची जागा रिकामी ठेवून कागद वर धाडला होता.

साहेबांनी चहा पुढं सरकवला.

डांगेनं चहाला हात लावला नाही. चुकांचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. ते त्यानंच सुरू केलेलं. ज्याची चूक त्याचं नाव, तारीख, खाली सही. पहिली पानं भरगच्च होती. पुढचे पाच महिने कोरे.

"एकसुद्धा चूक नाही," तो म्हणाला.

साहेबांनी कोरी पानं एकेक करून उलटली. घाई नव्हती त्यांना.

"आपलं पाणीसुद्धा इतकं स्वच्छ निघत नाही रे..."

मग त्यांनी गहिनीनाथला बोलावलं. हा जुना ऑपरेटर, टाकीत हवा सोडणारी यंत्रं सांभाळायचा. हवा थांबली की टाकीतले मैला खाणारे जंतू मरतात, अन् घाण तशीच नदीत जाते.

सगळं ठीक आहे का, असं साहेबांनी विचारलं. गहिनीनाथनं आधी डांगेकडं पाहिलं, मग रजिस्टरकडं. ठीक आहे म्हणाला.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. वर तो चहाचा कप ठेवला.

"आता सांग."

मग गहिनीनाथ हळूहळू बोलला. दोन नंबरच्या यंत्राला वंगण द्यायचं एकदा त्याच्याकडून राहून गेलं होतं. तेव्हापासून बेरिंग कुरकुरतंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला अन् मूठ कानाला लावून तो दहा दिवस ऐकत होता. आणखी आठवडाभर चाललं तर चाललं, म्हणाला.

डांगेचा चेहरा उतरला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की नाव चढतं, साहेब."

...



मग डांगेनं कप बाजूला केला. रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं, अन् तिथंच थांबला.

"साहेब... कोणाचं नाव लिहू?"

बिरादारसाहेबांनी गहिनीनाथच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून डांगेपुढं धरला.

"कान कुठं लावायचा, ते आधी ह्याला विचार."