बेचाळीस रकाने

एकदा एक शिष्य बेचाळीस रकान्यांचा तक्ता घेऊन गुरूंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अजून तीन आठवडे लागतील."

हे गुरू आश्रमातले नव्हेत. तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची छोटी कंपनी होती. तेवीस दवाखान्यांना लागणारा केसपेपरचा प्रोग्रॅम ती बनवत असे. रुग्णाचं नाव, वय, तक्रार टाइप केली की वर दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव असलेला कागद छापून हातात यायचा. गुरूंचं वय अडुसष्ट. सगळे त्यांना ज्ञानी मानत, आणि गुरूंचंही याबाबत दुमत नव्हतं.

प्रोग्रॅममध्ये काही सुधारणा झाली की तो नव्याने बांधायचा, म्हणजे त्याचं बिल्ड करायचं, आणि तेवीस ठिकाणी बसवायचा. हे काम दर मंगळवारी दुपारी एक ते चार, सकाळची ओपीडी संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या आत, ऑफिसात बसून हाताने होत असे. तेच आपोआप करणारी साधनं जगात पुष्कळ आहेत. त्यांतलं आपल्याला योग्य कोणतं ते ठरव, असं गुरूंनी शिष्याला फेब्रुवारीत सांगितलं होतं. आता सप्टेंबर निम्मा सरला होता.

शिष्य आळशी नव्हता. आळशी असता तर बरं झालं असतं. पहिलं दिसेल ते साधन उचलून मोकळा झाला असता. त्याने बारा साधनं घेतली आणि प्रत्येकाला बेचाळीस प्रश्न विचारले. कोणतं आपल्याच सर्व्हरवर चालतं, कोणतं दुसऱ्याच्या. कशात अनेक पायऱ्या एकाच वेळी चालवता येतात. बिघडलं तर कोणतं आपणहून मागच्या आवृत्तीवर येतं. कोणाची माहितीपुस्तिका वाचून समजतं, आणि कोणाची वाचून नुसती जांभई येते. हिरवे, पिवळे, तांबडे रकाने असे सुबक की पाहणाऱ्याने मान डोलवावी. एखादं साधन पुढे सरकतंय असं वाटलं की दुसऱ्याची नवी आवृत्ती यायची, आणि शिष्य पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरू करायचा. याला तो अभ्यास म्हणत असे.

अशा कथांतल्या माणसांना सहसा नावं नसतात. इथे एकीला आहे: वैजयंता. गेली नऊ वर्षं दर मंगळवारचं ते काम तीच करत होती. खिडकीशी बसायची. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते, आणि डॉक्टरांनी मार्चमध्येच ऑपरेशन सांगितलं होतं. दोनदा तारीख ठरली, दोनदा तिने ती पुढे ढकलली. कारण ऑपरेशन म्हणजे पंधरा दिवस रजा, आणि पंधरा दिवस म्हणजे दोन मंगळवार. तिच्या अर्जावर गुरूंनी स्वच्छ अक्षरात शेरा मारला होता: 'साधन निश्चित झाल्यावर.' तिसरी तारीख येत्या बुधवारची होती. शिष्याला यातलं काही माहीत नव्हतं. ती मधूनच गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसते, एवढं त्याने पाहिलं होतं. पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

"तीन आठवडे?" खिडकीजवळून वैजयंता म्हणाली. "म्हणजे हाही बुधवार गेला."

"कुठला बुधवार, वैजूताई?"

"काही नाही रे. तू भर तुझे रकाने. एखादा कोरा राहिला तर त्याला वाईट वाटेल."

दोघंतिघं हसले. शिष्यही हसला.

गुरूंनी मात्र तिच्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. ते उठले आणि कोपऱ्यातल्या सरावाच्या संगणकासमोर जाऊन बसले. त्यावर एका दवाखान्याची हुबेहूब नक्कल ठेवलेली असे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मग दिसेना म्हणून पुन्हा घातला, आणि कीबोर्डवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मी तुझ्या तक्त्यातलं पहिल्या क्रमांकाचं साधन आहे. बेचाळीसही रकाने हिरवे. बोल."

"काय बोलू, सर?"

"चूक. आज्ञा समजली नाही."

ऑफिसात खसखस पिकली. शिष्याला वाटलं, म्हातारपण आलं. पण गुरू हलेनात, तेव्हा तो नाइलाजाने सांगू लागला. "नवा प्रोग्रॅम आणा. बिल्ड करा. दवाखान्यातला जुना बंद करा. त्या जागी नवा ठेवा. सुरू करा."

गुरूंनी एकेक केलं. ना कमी, ना जास्त. मग केसपेपर छापला आणि शिष्याच्या हातात दिला. वर दवाखान्याचं नाव असायला हवं तिथे छापलं होतं, 'नमुना रुग्णालय'. डॉक्टरांच्या जागी, 'डॉ. अ. ब. क.'

"हे कसं झालं?"

"चूक. आज्ञा समजली नाही."

"अरे, प्रत्येक दवाखान्याची एक माहितीची फाईल असते," वैजयंता बसल्या जागेवरून म्हणाली. "नावं, प्रिंटर, सगळं तिच्यात. नवा प्रोग्रॅम ठेवला की ती पुसली जाते. आधी बाजूला काढून ठेवायची, नंतर परत आणायची. दर वेळी. तेवीस वेळा."

शिष्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी नावं बरोबर आली. पण रुग्णाचा क्रमांक एकपासून सुरू झाला. तिसऱ्या खेपेला प्रोग्रॅम उघडलाच नाही. ऑफिसातलं हसू थांबलं होतं. सात महिने तो ज्या कामासाठी साधन शोधत होता, त्या कामाच्या त्याला पाचच पायऱ्या माहीत होत्या, आणि त्यासुद्धा अर्ध्या. हातातला तक्ता कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

गुरू खुर्ची वळवून बसले आणि म्हणाले, "तू बारा साधनं पारखलीस. त्यांच्याकडून करून घ्यायचं काम मात्र एकदाही पाहिलं नाहीस. साधन आज्ञाधारक असतं. त्याला आपलं अज्ञान दिलं तर ते तेवीस ठिकाणी, न चुकता, एका क्षणात पोचवतं. ज्ञान या खोलीतच होतं, तुझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. निर्णय लांबवण्याला तू अभ्यास हे नाव दिलंस, आणि तुझ्या अभ्यासाचं मोल दुसरंच कोणी शरीराने चुकवत राहिलं. तिच्या ऑपरेशनची ही तिसरी तारीख आहे. तुझ्या तक्त्यासाठी दोन गेल्या."

शिष्याने वैजयंताकडे पाहिलं. गरम पाण्याची पिशवी तिच्या मांडीवर होती. मघाशी तो हसला होता, हे त्याला आठवलं.

अशी कथा इथे संपते. गुरू बोलतात, शिष्य मान खाली घालतो, वाचक घडी घालून पेपर बाजूला ठेवतात. पण वैजयंताला कथा कुठे संपवावी हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "छान बोललात. आता पुढची पायरी सांगा."

"कोणती?"

"तो तिथे अडकलाय ना. प्रोग्रॅम उघडत नाही. तुम्ही पुढचं सांगा त्याला."

गुरू संगणकाकडे वळले. बोटं कीबोर्डवर गेली आणि तशीच राहिली. हा प्रोग्रॅम पहिल्यांदा त्यांनीच लिहिला होता. नऊ वर्षांपूर्वी तो तिच्या हाती दिला, आणि त्यानंतर एकाही मंगळवारी ते तिच्या शेजारी बसले नव्हते.

"चूक म्हणा की," वैजयंता म्हणाली. "आज्ञा समजली नाही म्हणा." मग आवाज उतरवून म्हणाली, "त्याला माझी तारीख माहीत नव्हती, सर. तुम्हाला माहीत होती. माझ्या अर्जावर अक्षर तुमचं आहे."

दुसऱ्याला लाज वाटावी म्हणून मांडलेल्या खुर्चीत गुरू स्वतः बसले होते, आणि तिथून उठायला त्यांना जमेना. ते म्हणाले, "मला येत नाही." त्यांच्या तोंडून हे वाक्य त्या खोलीत आजवर कोणी ऐकलं नव्हतं. ते उठले, टेबलाच्या खणातून अर्ज काढला, आपलाच शेरा खोडला आणि खाली 'मंजूर' लिहून सही केली. सही वाकडी आली.

शिष्याने तक्ता घडी घालून बॅगेत कोंबला. कोरी वही घेतली, खुर्ची ओढली आणि खिडकीशी जाऊन बसला. "वैजूताई, पहिल्यापासून सांगा."

"पहिल्यांदा फोन," ती म्हणाली. "तेवीस ठिकाणी फोन. काउंटरवरच्या बाई जेवायला जाताना अर्धा भरलेला केसपेपर तसाच उघडा ठेवतात. त्यांना म्हणायचं, ताई, स्क्रीन बंद करा. हा रकाना होता का तुझ्या तक्त्यात?"

"नव्हता."

"लिही मग."

गुरुवार आणि शुक्रवार लिहिण्यात गेले. एकतीस पायऱ्या झाल्या. पलीकडच्या बाजूला खुर्ची घेऊन गुरूही बसले होते. तेही एकेक पायरी ऐकत होते. साधन निवडायला शनिवारी दहा मिनिटं लागली. बारांपैकी चारांतल्या कुठल्याही एकाने ते काम झालं असतं.

मंगळवारी निम्म्या पायऱ्या साधनाने केल्या, निम्म्या शिष्याने वहीवर बोट ठेवून. फोन गुरूंनी केले. तेवीसही फोन, आणि प्रत्येक ठिकाणी 'वैजूताई कुठे आहेत?' या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावं लागलं.

चारनंतर दोघं दवाखान्यात गेले. बुधवारच्या ऑपरेशनसाठी वैजयंता तेव्हाच दाखल होत होती, आणि हा दवाखाना तेवीसांतलाच होता. काउंटरवरून तिचा केसपेपर छापून आला. तिने आधी कागदाचा माथा पाहिला. दवाखान्याचं नाव बरोबर. डॉक्टरांचं बरोबर. क्रमांक बरोबर. मग खाली आपलं नाव वाचलं.

"दोन प्रती का निघाल्या?" तिने विचारलं, आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! यांच्या प्रिंटरला दर वेळी एकच प्रत सांगावी लागते. ते राहिलंच सांगायचं."

शिष्याने तिथेच वही उघडली आणि बत्तिसावी पायरी लिहिली. लिहून झाल्यावरही तो बराच वेळ वहीतच पाहत राहिला. मान वर केली असती तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं. शेजारी गुरू दुसरी प्रत हातात धरून उभे होते. ती टाकून द्यावी की ठेवावी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

तुमच्या टेबलावर एखादा तक्ता रंगत असेल तर एकदा मागे वळून पाहा: तो पुरा होण्याची वाट पाहत कोण बसलं आहे?