टिकलीचं मडकं

एक होती चिमणी. तिचं नाव टिकली. कॉलेजच्या व्हरांड्यात एक मडकं टांगलेलं होतं. टिकलीने त्यात गवत आणलं, कापूस आणला. मऊमऊ घर केलं. आज ती त्यात अंडं घालणार होती.

टिकली पाणी प्यायला गेली, भुर्रर्र. परत येते तो काय, मडकं नाही.

मडकं नेलं होतं इराताईने. इराताई आणि तिचे मित्र सिनेमा करत होते. पहिल्याच दृश्यात एक घर दिसायला हवं होतं. म्हणून त्यांनी वर्गात घर मांडलं. इथे पाट, तिथे तांब्या, खिडकीपाशी मडकं.

टिकली गेली इराताईकडे. टुण टुण टुण.
"इराताई, इराताई, माझं मडकं दे."
"पहिलं दृश्य झालं की देते. पण कॅमेरा चालायला हवा."

टिकली गेली कॅमेरावाल्या झुबेरदादाकडे. टुण टुण टुण.
"झुबेरदादा, झुबेरदादा, कॅमेरा चालव ना. इराताई मडकं देईना, मी अंडं कुठे घालू?"
दादा म्हणाला, इथे अंधार आहे, खिडकी उघडली तर चालवतो.

टिकली गेली खिडकीकडे. टुण टुण टुण.
"खिडकी, खिडकी, उघड ना. कॅमेरा चालेना, इराताई मडकं देईना, मी अंडं कुठे घालू?"
खिडकी म्हणाली, वेलीने मला धरून ठेवलंय, ती सरकली तर उघडते.

टिकली गेली वेलीकडे. टुण टुण टुण.
"वेली, वेली, सरक ना. खिडकी उघडेना, कॅमेरा चालेना, इराताई मडकं देईना, मी अंडं कुठे घालू?"
वेल म्हणाली, तहानेने मी वाळलेय, पाणी मिळालं तर सरकते.

टिकली गेली माळीकाकांकडे. टुण टुण टुण.
"काका, काका, पाणी घाला ना. वेल सरकेना, खिडकी उघडेना, कॅमेरा चालेना, इराताई मडकं देईना, मी अंडं कुठे घालू?"
काका हळूच म्हणाले, मांडीवर मनीमाऊ झोपलीय, ती उठली तर उठतो.

मनीमाऊ! टिकली दोन उड्या मागे गेली. तरी ती पुढे झाली. टुण... टुण... टुण.
"मनीमाऊ, मनीमाऊ, ऊठ ना. काका उठेनात, वेल सरकेना, खिडकी उघडेना, कॅमेरा चालेना, इराताई मडकं देईना, मी अंडं कुठे घालू?"
मनीने एक डोळा उघडला.
"कानामागे खाजतंय. तेवढं खाजव, मग उठते."

टिकली अगदी जवळ गेली. इवल्याशा चोचीने तिने मनीचा कान खाजवला. खुसखुस, खुसखुस. मनी गुरगुरली, पण लाडाने.

मग मनी उठली. काका उठले. वेलीला पाणी मिळालं, झुळझुळ. वेल सरकली. खिडकी उघडली, कर्रर्र. ऊन आत आलं. कॅमेरा चालला. पहिलं दृश्य झालं.

इराताईने मडकं उचललं. आत पाहिलं. गवत होतं, कापूस होता. ती बघतच राहिली.
"आम्ही खोटं घर मांडलं, आणि तुझं खरं घर उचलून आणलं गं."

दोन्ही हातांनी जपत तिने मडकं जागेवर टांगलं. टिकली आत गेली. जरा वेळाने तिच्या पोटाखाली होतं एक अंडं. गोल गोल, उबदार.

इराताईने ओठांवर बोट ठेवलं. मग सगळे हळू बोलू लागले. अगदी हळू.