सुटलेली वायर

एका गावात लग्नकार्यात वाजवणारा एक बँड होता. त्यांचा एक नियम होता. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत मशीन बंद करायचं नाही. का, हे विचारायचं नाही.

मशीन म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा जुना, काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर. तो एकच होता आणि सगळ्या बँडचं पोट त्याच्यावर चालायचं. स्पीकर वेगळ्या खोक्यात असायचा. दोघांना जोडणारी वायर मंडपात जमिनीवरच पडलेली असायची.

लेविना त्या बँडमध्ये गायची. कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती. एकदा तिने गिटार वाजवणाऱ्या इनासकाकांना सांगितलं, "काका, मशीन चालू असताना ही वायर सुटली तर आतल्या विजेला बाहेर जायला वाट राहत नाही. मग आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. वायर लागते तिथे आतून एक रेझिस्टन्स जोडू द्या, म्हणजे विजेला तेवढी वाट राहील. बंद करेपर्यंत तरी मशीन तग धरेल."

"तुझ्या जन्माआधीपासून वाजतंय ते," इनासकाका म्हणाले. "तू तुझा सूर सांभाळ."

बँडचे मालक दुमिंगकाका हसले. "हिचं लग्न होऊ दे. मग नवऱ्याचं मशीन उघडून बघत बसेल."

सगळे हसले. मशीन कोणी उघडलं नाही.

पुढे एका लग्नात मंडपवाल्याचा गडी लहानू खुर्च्या उचलून नेत होता. त्याचा पाय वायरीत अडकला आणि वायर स्पीकरमधून निघाली. गिटारचा आवाज गेला. लेविना मशीनच्या बटणाकडे धावली. दुमिंगकाकांनी तिचं मनगट धरलं.

"नवरा-नवरी नाचतायत. गाणं थांबवायचं नाही."

आवाज येईना म्हणून इनासकाकांनी व्हॉल्यूम पूर्ण वाढवला आणि तारा जोरात छेडल्या. मशीनच्या आत तडतड झाली. मग जळका वास आला, मग धूर. वायर पुन्हा लावली, तरी मशीन बोललं नाही. तसा ट्रान्सफॉर्मर आता कुठेच मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुमिंगकाकांनी मंडपवाल्याला बोलावलं. लहानू मान खाली घालून उभा होता.

"ह्याने आमचं मशीन जाळलं. ह्याला कामावरून काढ," दुमिंगकाका म्हणाले. "लेविना, तू तिथेच होतीस. सांग ह्यांना."

"वायर त्याच्या पायाने सुटली," लेविना म्हणाली. "मशीन त्याने जाळलं नाही. मी बंद करायला निघाले होते, काका. माझा हात तुम्ही धरलात, आणि इनासकाका आवाज वाढवत राहिले."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"मग कसं बोलू? तुम्हाला हवं ते मी बोलणार नाही."

 मंडपवाल्याने लहानूला परत कामावर पाठवलं. 

तात्पर्य: ज्या नियमाचं कारण विचारू दिलं जात नाही, तो मोडायची वेळ आली तरी पाळणाऱ्यांना कळत नाही, आणि नुकसान झालं की दोष सगळ्यांत गरीब माणसावर ढकलला जातो.