वाटेवरचा माग

"पाच जागांपैकी किती दाखवल्यास?" भानुबुवांनी विचारलं.

"एकही नाही."

दौलतची मान खाली नव्हती. तो चिडला होता.

बुवा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दिवस कलला होता. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफलं उपरण्याच्या सोग्यात टाकली.

"मग दिवसभर होतास कुठं?"

"पहिल्या वळणावर."

"ते किती लांब?"

"इथून दोनशे दहा पावलं."

बुवांनी मान डोलावली. दौलतचा पावलांचा हिशेब कधी चुकत नसे, हे त्यांना ठाऊक होतं.

मठात येण्याआधी दौलत जमिनीच्या मोजणीचं काम करायचा. सहा वर्षांपूर्वी ते सोडून तो काळकड्याच्या पायथ्याशी बुवांकडे आला. पण मोजणी काही त्याच्यातून गेली नाही. काळकड्यावर बघण्यासारख्या पाच जागा. दुधधार धबधबा, ओढ्यातले रांजणखळगे, हाळी दिली की उत्तर देणारा कडा, डोंगराला आरपार पडलेलं नेढं आणि सगळ्यांत वर गुहा. धबधबा किती हात, नेढं किती रुंद, खळगे किती, सगळं त्याला तोंडपाठ. येणाऱ्या माणसांना घेऊन तो पहाटे निघायचा आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पाचही जागा दाखवून परत आणायचा. लोक धापा टाकत म्हणायचे, दौलतमहाराजांसारखी वाट दाखवणारा दुसरा नाही.

दौलतलाही ते पटलं होतं. आता या डोंगरात आपल्याला शिकायचं असं काही उरलं नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. उरला तो एकांत. चाळीस दिवस वरच्या गुहेत एकट्यानं बसायचं, असं त्यानं मनाशी घेतलं होतं आणि वर्षभर तो बुवांच्या मागं लागला होता.

काल बुवा एकदाचे म्हणाले होते, "उद्या एक पाहुणी आहे. तिला पाचही जागा दाखवून आण. मग गुहेचं बोलू."

हातातोंडाशी आलेली गुहा. आणि आज हे असं.

"पाहुणी कुठंय?" बुवांनी विचारलं.

"सोलापूरच्या गाडीत बसवून आलो. खूश होऊन गेली."

"काही न बघता?"

"तेच तर म्हणतोय मी."

"बस. शेंगा घे. सांग."

दौलत बसला. शेंगांना त्यानं हात लावला नाही.

पाहुणीचं नाव नरसूबाई येमुल. वय सत्तरीला टेकलेलं. एक्केचाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागावर उभी राहिलेली. सकाळी वाटेला लागताना दौलतनं विचारलं, "मावशी, एकट्याच कशा आलात?"

"चादरींवर डोंगर लई विणले, महाराज," ती म्हणाली. "निळे. खरे कधी बघितले नव्हते. म्हटलं, निळे असतात का बघावं. नाहीतर एवढ्या लोकांना खोटं पांघरायला दिलं की काय, असं व्हायचं."

"हे तर हिरवे आहेत."

"जवळचे हिरवे हो. लांबचे बघा की." तिनं पलीकडच्या रांगांकडे बोट केलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "निळे आहेत."

दौलत पुढं, ती मागं. तिचे गुडघे वाकत नव्हते. दौलत मनात हिशेब करत होता, या चालीनं दुपार होणार, पण होईल.

पहिल्या वळणावर एका अंगाला कातळ आहे, दुसऱ्या अंगाला खोल उतार, मधे जेमतेम माणूसभर वाट. आश्विनात तिथं कारवीच्या झुडपांपासून कातळापर्यंत कोळ्याची जाळी असतात. रोज सकाळी पहिला जाणारा दौलत. रोज तो काठी समोर धरून गरागरा फिरवायचा आणि वाट मोकळी करायचा.

आजही त्यानं काठी उचलली.

"थांबा," मागून आवाज आला. "माग चालू आहे."

"काय?"

तिनं नुकत्या सुरू झालेल्या जाळ्यातल्या कोळ्याकडे बोट केलं.

"तिचं विणकाम चालू आहे. मधनं तोडू नये. एवढं झालं की जाऊ."

तिनं दरडावून सांगितलं नव्हतं. कारखान्यात शेजारणीला सांगावं तसं सांगितलं आणि वाटेकडेच्या धोंड्यावर ती बसलीसुद्धा.

दौलत काठी उचललेल्या हातानं तसाच उभा राहिला. नंतर हात दुखायला लागला, म्हणून त्यानं काठी खाली घेतली.

"मग?" बुवांनी विचारलं.

"मग काय? कोळी विणतोय आणि आम्ही बघतोय."

"कसा विणत होता?"

"विणतात तसाच. जाळं होतं."

"आधी काय लावलं?"

दौलत वैतागला. "आधी उभे धागे, बुवा. मधून निघून कडेला जाणारे, चाकाच्या आऱ्यांसारखे. मावशी म्हणाली, हा ताणा. तो झाला, मग मधून बाहेर गोल गोल गेला, पण विरळ. मला वाटलं संपलं. मी उठलो. ती म्हणाली, बसा, हा कच्चा टाका आहे."

"कच्चा?"

"शिंपी घालतो ना, मागाहून उसवायचा. तसा. आणि खरंच, बुवा... तो कडेला पोचला आणि उलटा फिरला. आता बाहेरून आत यायला लागला. दाट धागे घालत. आणि आधीचा विरळ धागा लागेल तसा तोडून टाकत. स्वतःचाच."

बुवांनी फोडलेली शेंग हातातच राहिली. "कोरडा होता का चिकट?"

"उभा कोरडा. आडवा चिकट. एका कडेला बोट लावून बघितलं मी."

"तू?"

"हो, मीच. मावशी म्हणाली लावून बघा." दौलत जरा ओशाळला, पण थांबला नाही. "आणि प्रत्येक धागा चिकटवायच्या आधी तो पाय पसरून आधीच्या धाग्यापासनं अंतर बघायचा. दरवेळी. मी मोजणीची साखळी ओढत रानोमाळ हिंडलोय, बुवा. एकदा माप घेतलं की पुढचं आम्ही नजरेनं ढकलायचो. हा नाही ढकलत. शेवटच्या धाग्यापर्यंत पायानं माप..."

तो बोलता बोलता उभा राहिला होता. दोन्ही हात पसरून, बोटानं हवेत धागे ओढत. मठाची गाय गोठ्यातून त्याच्याकडे बघत होती.

बुवा हसले नाहीत. "मग झालं विणून?"

"झालं. मधोमध जाऊन बसला. मावशीनं हात जोडले. म्हणाली, ही बाई आहे, मागावरनं कापड उतरवल्यावर अशीच पाठ टेकावीशी वाटते."

"मग निघायचं पुढं."

"कसं निघणार? वाटेवर जाळं. खालनं वाकून जायचं तर मावशीचे गुडघे वाकत नाहीत. वरनं जायला जागा नाही."

"काठी होती ना तुझ्याकडं?"

दौलतनं पसरलेले हात खाली घेतले.

गोठ्यात गाईनं शेपटी झटकली.

"होती," तो म्हणाला. "मावशी म्हणाली, तोडायचं तर तोडा, महाराज. वाट तुमची आहे. मी काही म्हणणार नाही."

"आणि?"

"काठी उचललीही मी." त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "सहा वर्षं रोज उचलतोय. किती मोडली असतील, बुवा? मला पाऊल न् पाऊल माहीत आहे. हे काही... हे मोजलंच नाही मी."

"मग?"

"मग भाकरी खाल्ली. तिनं शेंगाचटणी आणली होती. दुपारी एक नाकतोडा आदळला आणि जाळं एका बाजूला फाटलं. कोळी आला, नाकतोड्याभोवतीचे धागे तोडून त्याला सोडून दिलं, फाटलं तेवढं परत विणलं. मावशी म्हणाली, माझ्या हातचं फाटलं की मुकादम ओरडायचा, हिला कुणी ओरडत नाही, भाग्य आहे. खूप हसली. मीही हसलो. नंतर उन्हं तिरपी झाली तसं सगळं जाळं सोन्यासारखं दिसायला लागलं. मग ती म्हणाली, चला, माझं झालं."

"तू म्हणाला नाहीस, अजून काही पाहिलं नाही म्हणून?"

"म्हणालो की. धबधबा राहिला, नेढं राहिलं. तर म्हणाली, असू दे की तिथंच. ते काय माझ्यासाठी आलेत होय?"

आता मात्र बुवा हसले. पोट धरून, ओट्यावर टरफलं सांडेपर्यंत हसले. दौलतला आधी राग आला. मग तो कुठं गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो खाली बसला आणि त्यानं बुवांसमोरची एक शेंग उचलली.

दोघं शेंगा फोडत राहिले. वरच्या झाडीत एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. दौलतनं ते पाहिलं. कितव्या फांदीवर गेलं ते मात्र त्यानं पाहिलं नाही.

"बुवा."

"हं."

"तुम्ही सांगितलेलं काम माझ्या हातून झालं नाही. गुहा मिळणार नाही, हे मला कळतंय. तरी विचारतो... कधीतरी द्याल?"

"तुला तिथं काय पाहिजे?"

"एकांत."

"गुहेत कुणी नाही?"

"कुणी नाही. रिकामी आहे. आत अकरा पावलं, रुंदीला..."

तो थांबला.



"आत कोळी असतील," दौलत हळूच म्हणाला. "किती, ते ठाऊक नाही."

बुवांनी उपरणं झटकलं. टरफलं अंगणात उडाली, कोंबड्या धावल्या. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत जाता जाता म्हणाले,

"उद्या जा. आत शिरायच्या आधी विचार, जागा आहे का."