झळगडचा निरोप

"येते, महाराज!" ठकू कासारीण हात जोडून म्हणाली.

"येते म्हणालीस? मग ये ना!" राजा झुंबरसिंह आनंदाने ओरडला. "कोण आहे रे तिकडे? पाहुण्यांना वाडा दाखवा! पहिल्या चौकापासून!"

 सकाळपासून ठकूचा हा तिसरा फेरा होता!

वाळवंटातल्या या झळगड नगरीत पिवळ्या दगडाचा किल्ला होता, जाळीदार झरोक्यांचा वाडा होता आणि लाखेच्या बांगड्यांचा असा बाजार होता, की त्यासाठी ठकू थेट पैठणहून उंटांच्या तांड्याबरोबर आली होती. तिच्या लेकीचं, यमीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. गावातल्या सगळ्या नवऱ्या मुलींना बांगड्या भरणाऱ्या बाईच्या लेकीला झळगडचाच हिरवा चुडा हवा, हा ठकूचा हट्ट! चुडा घेऊन झाला होता. तांडा आज ऊन उतरलं की निघणार होता, आणि पुढचा निघणार होता दोन महिन्यांनी. ठकू आज सुटली नाही, तर यमी आईविना, मोकळ्या हातांनी बोहल्यावर चढणार होती.

पण सुटणार कशी? राजाला वाडा दाखवण्याची भारी खोड! बाजारात नवं तोंड दिसलं, की शिपाई त्याला आग्रहाने वाड्यावर आणत. बरं, आलेल्याने बाहेर पडावं तर वेशीवर हातभर अक्षरांत कायदा कोरलेला: 'निरोप घेताना "जातो" हा अभद्र शब्द उच्चारील तो कोठडीत. निरोप न घेता निघेल तोही कोठडीत. मग तो कोणीही असो!' उरलं 'येतो'. ते म्हटलं की राजा 'या' म्हणून पुन्हा पहिल्या चौकात नेऊन उभं करी. एक अत्तरवाला तर अकरा दिवस वाडाच पाहत होता. राजाच्या पणजीच्या सासूचं माहेरसुद्धा त्याला पाठ झालं होतं बिचाऱ्याला!

"हा आमच्या पणजोबांचा झरोका," राजा तिसऱ्यांदा सांगू लागला. "इथे बसून ते शिंकत असत."

"कशापायी?"

"समोरून वाळू येते ना!"

ठकूने झरोक्यातून खाली पाहिलं. वेशीबाहेर विहिरीपाशी तिच्या तांड्याचे उंट पाणी पीत होते. तिने पदर खोचला.

"महाराज, एवढे झरोके! बाहेरून कसे दिसतात हो?"

"बाहेरून?" राजा गडबडला. "बाहेर आम्ही पालखीतून जातो. पडदे लावून. ऊन फार असतं."

"अगंबाई! म्हंजे एवढा देखणा वाडा, अन् मालकानंच बाहेरून बघितला न्हाई? आमच्याकडं साधा माठ घेतला तरी बाया चारी अंगांनी फिरवून बघत्यात!"

शिपाई मिशीत हसले. राजाला ते झोंबलं.

"चल! आत्ताच्या आत्ता दाखव!"

राजा पायी वेशीबाहेर आला, विहिरीपाशी उभा राहिला आणि त्याने मागे वळून पाहिलं. उन्हात सगळा गड झळाळत होता. त्याचे डोळे भरून आले.

"केवढे आहोत आम्ही!" तो म्हणाला.

मग डोकं तापलं, जोड्यात वाळू गेली, घशाला कोरड पडली.

"छान दाखवलंस हो. बरं बाई, आता आम्ही येतो."

"येतो म्हणालात? मग या ना!" ठकू आनंदाने ओरडली. "धर्मानाईक, पाहुण्यांना तांडा दाखवा! पहिल्या उंटापासून!"

ठकूचे डोळे पाहून तांड्याचा नाईक काय ते समजला.

"हा पहिला उंट, महाराज. ह्याची आजी चावायची. हा दुसरा. ह्याची आजी चावत नव्हती, पण थुंकायची..."

"अन् हे मिरच्यांचं पोतं," ठकू म्हणाली. "हुंगा की!"

राजा सात वेळा शिंकला.

"आमचे पणजोबासुद्धा..."

"शिंकत! ठावं हाय, तीनदा ऐकलंय!"

बावीस उंट झाले. बावीस आज्या झाल्या.

"संपलं ना? येतो!" राजा घाईघाईने म्हणाला.

"या, या! धर्मानाईक, पहिल्या उंटापासून!"

दुसऱ्या फेऱ्यात नवव्या आजीपाशी राजाचा धीर सुटला. "पुरे! मी आता जा..."

शिपायांनी कान टवकारले.

"म्हणा की, महाराज," ठकू गोड आवाजात म्हणाली. "वेशीवर काय कोरलंय ते हितनंसुद्धा दिसतंय. 'मग तो कोणीही असो!'"

राजाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि मुकाट्याने पाय उचलला. तेवढ्यात शिपायांचा जमादार खाकरला, "महाराज, निरोप न घेता निघेल तोही..."

"ठाऊक आहे रे! मीच लिहिलंय ते!"

राजा मटकन मिरच्यांच्या पोत्यावर बसला, आणि तितक्याच चटकन उठला.

"हरलो, बाई! यातून सुटायचं कसं ते तूच सांग."

"सोप्पं हाय. आमच्याकडं पाव्हणा 'येतो' म्हणतो, अन् घरधनी म्हणतो, 'सावकाश या!' तुम्ही 'या' तेवढं उचललंत, महाराज. 'सावकाश' ऱ्हाऊन गेलं!"

राजाने कपाळावर हात मारला. मग असा हसला, असा हसला, की फेटा सुटून उंटाच्या पायात पडला.

"कोरा! वेशीवर 'सावकाश' कोरा! त्या अत्तरवाल्याला सोडा! आणि आमची सर्वांत वेगवान सांडणी हिच्या लेकीला अहेर म्हणून द्या!"

ऊन उतरलं. चुड्याची पेटी छातीशी धरून ठकू सांडणीवर बसली.

"येते, महाराज!"

राजाने सवयीने तोंड उघडलं. "येते म्हणालीस? मग ये..."

सगळा तांडा जागीच थांबला. अत्तरवाला तर विहिरीमागे लपला!

"...सावकाश!" राजा म्हणाला, आणि पोट धरून पुन्हा हसत सुटला.