गुलालाची लढाई हरली कुणामुळे?

मानकोजीराजे सलग तिसऱ्या वर्षी लढाई हरले, आणि तेही सख्ख्या मेहुण्याकडून!

लढाई खोटीच होती म्हणा. करवंदगडच्या रानात दरसाल व्हायची. दोन्हीकडे चाळीस-चाळीस माणसं, हातात तलवारीऐवजी गुलालाच्या पुरचुंड्या. अंगावर पुरचुंडी फुटली की तो गडी मेला, त्याने मुकाट्याने घरी जायचं. यंदा राजांच्या नाकावरच फुटली. पण हरणं खोटं असलं तरी राजांचा राग खरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या माणसांना आंब्याखाली गोळा केलं. "चूक कुठे झाली ते मला आज कळलं पाहिजे," म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. राजांशी बोलायचं तर आधी त्यांची एकवीस बिरुदं म्हणावी लागत. रणधुरंधर, शत्रुकाळ, गिरिकंदरकेसरी आणि वर आणखी अठरा. रानात असो, न्हाणीघराच्या दाराशी असो, सूट नाही. मी ती गाळून सांगतो, नाहीतर आपलीही जेवणं राहायची.

सरदार म्हणाले, "डावीकडची तुकडी वेळेवर आलीच नाही."

डावीकडचा नाईक म्हणाला, "निरोपच नाही आला, तर येणार कसे?"

शिंगवाला म्हणाला, "हुकमाशिवाय मी शिंग फुंकत नाही. हुकूम आला तेव्हा मी रंगून घरी पोचलो होतो."

मग कुणीतरी हळूच काढलं, की आपल्याच नऊ माणसांना आपणच गुलाल मारला. झाडीत आपला कोण नि परका कोण, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. झालं! जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला.

"चाळीस जणांची चूक म्हणजे कुणाचीच नाही," राजे गरजले. "मला एक माणूस पाहिजे!"

तशी सगळी बोटं वळली सिदू टेहळ्याकडे. झाडावर बसून शत्रू हेरायचा आणि धावत येऊन राजांना सांगायचं, हे सिदूचं काम. सगळ्यांत खालचा माणूस तोच, मग त्याच्यावर ढकलायला कुणाचं काय जातंय?

"शत्रू माझ्या अगदी जवळ आला तरी तू मला सांगितलं नाहीस," राजे म्हणाले. "नोकरी गेली तुझी. उद्या बायकोला घे आणि राज्याबाहेर हो."

सिदूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बायको म्हाळसा मंडळींना ताक वाटत होती. तिने हातातला तांब्या खाली ठेवला, बिरुदं म्हटली आणि म्हणाली, "महाराज, गुन्हेगार हा नव्हे. दुसराच आहे, आणि तो इथेच बसलाय."

"नाव सांग."

"मी नाही सांगायची. तो आपल्या तोंडाने कबूल करील."

राजांनी मिशीवर हात फिरवला. "असं? मग ऐक. त्याला मारायचं नाही, धमकावायचं नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही. जेवणाची पानं वाढायच्या आत त्याने चारचौघांत कबुली दिली पाहिजे. नाही दिली, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, तुम्ही दोघं आत्ताच निघायचं."

सिदूने कपाळाला हात लावला. "अगं, काय करून बसलीस? आपण होऊन कबूल करायला इथे खुळा कोण बसलाय?"

"तुम्ही गप बसा. मी शेळी घेऊन येते."

"शेळी? आता शेळीचं काय?"

पण म्हाळसा निघालीसुद्धा. परत आली तेव्हा मागे शेळी होती, आणि तिकडे आचारी केळीची पानं पुसत होते. म्हाळसाने दावं सोडून दिलं. शेळी इकडे हुंगत, तिकडे हुंगत थेट राजांच्या मंचकामागे गेली. तिथे राजांच्या नव्या शेल्याचं टोक लोंबत होतं. तिने ते तोंडात धरलं आणि निवांत चघळायला लागली.

म्हाळसाने हात जोडले. "रणधुरंधर... शत्रुकाळ... गिरिकंदरकेसरी..."

सरदारांनी शेळी पाहिली आणि ताडकन उठले. "रणधुरंधर, शत्रुकाळ..." त्यांच्यामागे नाईक उठला, शिंगवाला उठला, दिवाणजी उठले. मंचकामागे जायची कुणाला मुभा नव्हती, आणि मुभा मागायची तर आधी बिरुदं! सगळा आंबा दणाणला. इतक्या कळकळीने बिरुदं राजांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. शेळी काठ संपवून बुट्ट्यांवर आली.

"...आणि प्रजेचे मायबाप महाराज," म्हाळसाचं एकदाचं संपलं, "आपला शेला शेळी खातेय."

राजे गर्रकन वळले. हातात अर्धाच शेला आला.

"अरे, एवढे सगळे बघत होता, आणि एकाने सांगितलं नाही?"

"रणधुरंधर..." सरदार पुन्हा लागले.

"चुलीत गेली ती बिरुदं! नुसतं बोला!"

"सांगतच होतो, महाराज," म्हाळसा म्हणाली. "मधेच शेळीने उरकलं."

राजे हातातल्या शेल्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला.

"सिदू, काल तू धावत आलास ना? तेव्हा मला काय सांगणार होतास?"

"खाली वाका, महाराज."

"एवढंच?"

"एवढंच. पण बारावं बिरुद चाललं होतं, तेवढ्यात पुरचुंडी आली."

ज्याला त्याला काल आपापल्या ओठांवर अडकलेला निरोप आठवत असावा.

"म्हणजे गुन्हेगार तो, ज्याने हा नियम केला," राजे सावकाश म्हणाले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. "आणि नियम केला मी. लढाई माझ्यामुळे हरली."

म्हाळसाने आचाऱ्यांकडे नजर टाकली. "पानं अजून वाढायची आहेत, महाराज."

राजे असे हसत सुटले की त्यांना मंचकाचा आधार घ्यावा लागला. सिदूची नोकरी राहिली, पगार दुप्पट झाला, म्हाळसाला पैठणी मिळाली आणि पुढच्या सालच्या लढाईची आखणीही तिच्याकडेच आली.

"आणि रानात मला कुणी बिरुदं ऐकवली," राजे डोळे पुसत म्हणाले, "तर पहिली पुरचुंडी मीच मारीन त्याला!"