सोकिचीचा पत्ता

छत्रीची एकेक काडी हाताने तासावी लागे, त्या काळातली ही गोष्ट. जपान देशात, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा एका गावात एक छत्रीवाली राहत होती. बांबूच्या काड्या तासायच्या, त्यांवर कागद चिकटवायचा, कागदाला तेल पाजायचे आणि छत्र्या अंगणात उघडून वाळत ठेवायच्या, हा तिचा उद्योग. नवरा फार लवकर गेला होता. घरात ती आणि तिचा मुलगा सोकिची, अशी दोघेच होती.

सोकिचीचे मन छत्र्यांत रमत नसे. त्याला होड्या बांधायच्या होत्या. एक दिवस आईने त्याला वाळत घातलेल्या छत्र्यांवर लक्ष ठेवायला सांगितले आणि हा खाडीवर होडीचे काम बघत बसला. इकडे पावसाची जोरदार सर आली. अजून तेल न लावलेल्या साऱ्या छत्र्यांचा लगदा झाला. आईचा पारा चढला. ती म्हणाली, "जा त्या होड्यांकडेच! आणि गेलास तर पुन्हा या दाराशी येऊ नकोस!"

राग खरा होता, बोलणे खरे नव्हते. कुठल्या आईचे असते? पण एरवी आईचे एक न ऐकणाऱ्या त्या मुलाने एवढे मात्र तंतोतंत ऐकले. तो गेला तो गेलाच.

गावातली माणसे विचारू लागली, "सोकिची दिसत नाही हल्ली?" आता मुलाला मीच हाकलले, हे कसे सांगायचे? तिने वेळ मारून नेली. म्हणाली, "राजधानीत असतो. मोठ्या पुलाजवळच्या दुकानात चांगल्या कामाला लागलाय." एकदा सांगितलेले पुन्हा सांगावे लागते. वर्षांमागून वर्षे गेली. सांगून सांगून ते वाक्य तिच्या जिभेवर इतके बसले की सोकिचीचे नाव निघाले की मोठा पूल आपोआप निघायचा. रात्री मात्र ती दाराला कडी लावताना थांबायची, आणि लावायचीच नाही.

त्या भागात एक जुनी रीत होती. नवे वर्ष सुरू झाले की लोक घोळक्याने पायी निघत आणि आसपासच्या सात भाग्यदेवतांचे दर्शन घेऊन येत. सातही ठिकाणी मागणे मागितले की वर्ष भाग्याचे जाते, अशी श्रद्धा होती. वाट डोंगरातून जाई, म्हणून पुढे एक वाटाड्या असे. गवताची टोपी घातलेले, हातात घंटा घेतलेले हे आजोबा दरवर्षी कितीतरी घोळके नेऊन आणत. त्या वर्षी गावातून निघालेल्या माणसांत छत्रीवालीही होती. तिला स्वतःसाठी काही नको होते. सोकिची जिथे असेल तिथे सुखी असावा आणि जमले तर एकदा डोळ्यांना दिसावा, एवढेच तिला मागायचे होते.

निघण्यापूर्वी आजोबांनी सगळ्यांना बजावले, "देवापुढे वाकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि मग आधी नाव अन् पत्ता सांगायचा. मागणं त्यानंतर. देवापुढे दिवसाकाठी हजारो माणसं येतात. पत्ताच सांगितला नाहीत, तर त्याने भाग्य पोचवायचं कुठे?"

सगळ्यांना हे पटले. सर्वांत जास्त पटले ते घोळक्यातल्या तांदळाच्या व्यापाऱ्याला. पहिले देऊळ दाइकोकू देवाचे होते. तांदळाच्या पोत्यांवर उभा राहणारा हा देव म्हणजे व्यापाऱ्याच्या घरचाच. व्यापारी हात जोडून म्हणाला, "देवा, मोठ्या रस्त्यावर वखारीला लागून निळ्या पडद्याचं घर आहे ना, ते माझं. पुढच्या दाराने ये. मागच्या दाराला माझा भाऊ राहतो, तिकडे चुकूनही जाऊ नकोस." मागे उभ्या असलेल्या बायका तोंडावर बाही धरून हसल्या.

मग छत्रीवालीची पाळी आली. तिने टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले आणि म्हणाली, "माझा मुलगा सोकिची. राजधानीत असतो. मोठ्या पुलाजवळच्या दुकानात..."

आणि तिने जीभ चावली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची थाप तिने देवाला सांगितली होती. आता देव त्या पुलापाशी जाणार, दुकानादुकानांत डोकावणार, सोकिची काही सापडणार नाही आणि त्याच्या वाट्याचे भाग्य तसेच परत येणार.

दुसऱ्या देवळात तिने टाळ्या वाजवल्या, सोकिचीचे नाव घेतले आणि पुढे गप्प उभी राहिली. पत्ता ठाऊकच नव्हता. खोटा सांगायची हिंमत उरली नव्हती. तिसऱ्या ठिकाणी वीणेसारखे वाद्य घेतलेली बेंतेन देवी होती. आपल्या सरस्वतीची लांबची बहीण म्हणा ना. तिच्यापुढेही छत्रीवाली तशीच मुकी राहिली. पुढे एका बौद्ध मठात पोट सुटलेला, हसरा होतेई देव होता. मठात टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून व्यापाऱ्याने खणखणीत टाळ्या वाजवल्या आणि सगळे हसले. हसली नाही ती एकटी छत्रीवाली. एकेक देव मागे पडत होता आणि तिचे मागणे तिच्याचपाशी राहत होते.

त्यात व्यापाऱ्याला वाटले, बाईला मुलाची आठवण येतेय. माणूस तसा मनाचा चांगला. म्हणाला, "ताई, चेहरा असा का पडलाय? या वसंतात मी राजधानीला जाणार आहे. मोठ्या पुलाजवळ म्हणता ना? मी स्वतः सोकिचीला भेटून येतो आणि तुमचा निरोप देतो."

"नको, नको! तुम्हाला कशाला त्रास?" ती घाईघाईने म्हणाली.

सहावे देऊळ झाल्यावर सगळे एका चहाच्या टपरीवर टेकले. छत्रीवाली आजोबांच्या बाकावर जाऊन बसली. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारले, "आजोबा, एखादा माणूस कुठे आहे तेच माहीत नसेल, तर देवाला कुठला पत्ता सांगायचा?"

आजोबांनी चहाचा घोट घेतला. "घराचा."

"पण माणूस घरी नसला तर?"

"मी कधी घरी असतो का?" आजोबा हसले. "आज या धर्मशाळेत, उद्या त्या. तरी माझी बायको माझ्यासाठी हात जोडते तेव्हा आमच्या घराचाच पत्ता सांगते. माणूस आज कुठे आहे, ते देवाला सांगावं लागत नाही. त्याचं घर कुठे, एवढं आपण सांगायचं."

हे ऐकून तिला धीर यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांतून पाणीच आले. ती म्हणाली, "आजोबा, मी त्याला घर ठेवलंच नाही हो. पुन्हा दाराशी येऊ नकोस म्हटलं मी त्याला. त्याचा पत्ता हरवला नाही, मीच पुसलाय तो."

आजोबा म्हणाले, "बाई, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ते दार तुमचं आहे." आणि उठून त्यांनी घंटा वाजवली.

शेवटचे देऊळ खाडीच्या काठावर, एबिसु देवाचे. हातात गळ आणि काखेत मासा घेतलेला हा कोळ्यांचा देव. देवळाशी पोचताच आजोबा म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. हा देव कानाने जरा कमी आहे. मनातल्या मनात पुटपुटलेलं त्याला ऐकू जात नाही. देवळाच्या मागे जाऊन लाकडी भिंतीवर थापा मारायच्या आणि मोठ्याने सांगायचं."

सगळ्यांना गंमत वाटली. छत्रीवाली मात्र जागीच थांबली. मोठ्याने सांगायचे म्हणजे व्यापारी ऐकणार, शेजारीण ऐकणार. संध्याकाळच्या आत सगळ्या गावाला कळणार, की राजधानी खोटी, दुकान खोटे, मोठा पूलही खोटा. उद्यापासून विहिरीवर कोणत्या तोंडाने जायचे? तेच जुने वाक्य पुन्हा ओरडून टाकले असते, तर कुणाला काही कळले नसते. लाज झाकली गेली असती. पण मग सोकिचीसाठी मागायला सातांतला एकही देव उरला नसता.

तिची पाळी आली. तिने भिंतीवर थाप मारली. आवाज जेमतेम झाला. तिने पुन्हा थाप मारली, या वेळी जोरात.

"एबिसु देवा! मी छत्रीवाली! माझा मुलगा सोकिची राजधानीत नाही! ते मी लोकांना खोटं सांगत आले! तो कुठे आहे मला माहीत नाही. मी त्याला पुन्हा या दाराशी येऊ नकोस म्हटलं होतं. ते मी मागे घेते, देवा, मागे घेते! त्याचं घर पलीकडच्या गावात, विहिरीवरून वर जाणाऱ्या बोळात, अंगणात छत्र्या वाळत असतात तेच. तेव्हा होतं तेच!"

छत्रीवाली भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. आता कुणीतरी हसेल, कुणीतरी कुजबुजेल, याची ती वाट बघत होती.

शेजारीण पुढे आली. ही बाई गावात तिखट जिभेची म्हणून प्रसिद्ध होती. तिने नाक पुसले आणि म्हणाली, "एवढ्या आवाजाने काय होतंय? बहिरा आहे ना तो? सरक जरा." आणि तिने दोन्ही हातांनी भिंत बडवायला सुरुवात केली. "देवा, सोकिची! विहिरीवरचा बोळ!" मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता सगळा घोळका भिंत बडवू लागला आणि सोकिचीचा पत्ता खाडीवर घुमू लागला.

सगळ्यांत शेवटी व्यापारी भिंतीपाशी गेला. त्याने हळूच थाप मारली, इकडेतिकडे बघितले, आणि जरा ओशाळून म्हणाला, "देवा, वखारीशेजारचं घर. मागच्या दाराने गेलास तरी चालेल."

छत्रीवाली घरी आली. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली, तेव्हा कुणी तिला काही बोलले नाही. उलट तिची घागर उचलून द्यायला दोघी पुढे आल्या. ती रोज वाट बघू लागली. अंगणात पाऊल वाजले की दाराशी जाई. पण सोकिची काही आला नाही.

एक दिवस छत्रीला कागद चिकटवता चिकटवता तिचा हात थांबला. दार उघडले, हे देवाला सांगितले, गावाला सांगितले. सोकिचीला कुणी सांगितले? त्याच्या कानात अजून जुनाच शब्द असणार! ती उठली, शाई उगाळली, आणि छत्रीच्या आतल्या बाजूला, उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी लिहिले, "सोकिची, विहिरीवरच्या बोळातलं दार तुझ्यासाठी उघडं आहे. आई." मग ती प्रत्येक छत्रीवर तसेच लिहू लागली. व्यापारी आपल्या तांदळाच्या गलबतांवर त्या छत्र्या चढवून बंदराबंदरांत पाठवू लागला. म्हणायचा, "छत्री काय, जिथे पाऊस तिथे जातेच."

काही जणांना आतून लिहिलेली छत्री आवडली नाही. काही जणांना इतकी आवडली की ती वाचून ते स्वतःच्या घरी निघून गेले, असे लोक सांगतात. पावसाळा गेला, थंडी गेली. छत्रीवाली लिहीतच राहिली.

आणि पुढच्या पावसात, एका दुपारी, बोळाच्या तोंडाशी एक उंच, रापलेला माणूस येऊन उभा राहिला. हातांवर होड्यांच्या डांबराचे डाग होते. छत्री जवळ असून तो नखशिखांत भिजला होता, कारण ती त्याने मिटून, अंगरख्याच्या आत छातीशी धरली होती. आतली शाई ओघळू नये म्हणून. अंगणाच्या कडेपर्यंत तो आला आणि तिथेच थांबला. पुढे पाऊल टाकेना.

हाताला खळ लागलेली आई दारात आली.

"आई," तो म्हणाला, "दाराशी येऊ का?"

तिला किती वर्षांचे किती बोलायचे होते! त्यातले एकही वाक्य तिला आठवले नाही. ती पावसात धावत गेली, त्याचा दंड धरला आणि रडता रडता त्याच्यावर ओरडली, "अरे वेड्या, छत्री असून भिजतोस काय? आणि आपल्याच घरात शिरायला कुणी विचारतं का? चल आत!"

एबिसुने ऐकले की छत्र्यांनी काम केले, यावर त्या गावात पुष्कळ दिवस वाद चालला. मायलेकरांना त्याचे काही पडले नव्हते. ती दोघे आत गरम गरम भात खात बसली होती.

लहानांनी ऐकावे आणि मोठ्यांनी विसरू नये असे तात्पर्य: रागाच्या भरात आपल्या माणसाला बंद केलेले दार आपल्यालाच उघडावे लागते, आणि उघडले हे त्याला ऐकू जाईल असे सांगावे लागते, तेवढे काम कुठलाही देव आपल्या वतीने करत नाही.